मोरचुदी रंगाचा ताका

मी कॉलेजला गेलो त्या वर्षी जीन्स धारवाडपर्यंत येऊन पोचली होती, पण मळमड्डीतल्या आमच्या घरापर्यंत यायला तिला अजून बराच अवकाश होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. माझे मित्र ढगळ बॅगी पॅन्टी घालून फिरत होते, आणि आमच्या घरी कपड्यांचे सगळे निर्णय अप्पा घेत होते. अप्पा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे. कापड मळखाऊ आणि टिकाऊ असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मळखाऊ रंग म्हणजे मुळातच मळका रंग, हे मला फार उशिरा कळलं. रेडीमेडचं तर त्यांच्यापुढं नावही काढायची सोय नव्हती.

"आधी कपडा शिवायचा आणि मग त्यात मावणारा माणूस शोधायचा, हा काय प्रकार आहे?" असं ते म्हणायचे.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी माझा मामा हुबळीहून आला. मामाचं हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान. आजोबांच्या आधीच्या पिढीत ही मंडळी मिरजेकडून आली आणि कापडात रमली. मामा रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक आख्खा ताका होता.

"अक्का, चहा टाक," तो आईला म्हणाला, आणि ताका अप्पांसमोर सतरंजीवर भडाभडा उलगडला. "दाजी, हात लावून बघा."

अप्पांनी हात लावला. उजेडात धरला. एक धागा ओढून काढला, काडी पेटवून तो जाळला आणि उरलेली काळी गोळी बोटांत चिरडून बघितली. मग पसंतीची मान डोलावली. आमच्या घरात मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा इतकी चौकशी कुणी केली नसेल.

"रंग कुठला म्हणायचा हा?" आईनं विचारलं.

"मोरपंखी," मामा म्हणाला.

"मोरपंखी मला नको शिकवूस. हा मोरचूद आहे. चुन्यात कालवून भिंतीला देतात तो."

मामा हसला. आईनं विचारलं, "एवढं चांगलं आहे तर दुकानात का नाही विकलंस?"

"अक्का, हा माल दुकानात बघायलाच मिळणार नाही. स्पेशल ऑर्डरचा आहे."

यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. मामा कधी खोटं बोलत नसे. तो फक्त वाक्य वेळेवर संपवत असे.

त्या एका ताक्यातून आमचं घर नव्यानं उभं राहिलं. माझे शर्ट, माझ्या पॅन्टी, अप्पांच्या शाळेच्या पॅन्टी, बाजारच्या पिशव्या, रेडिओचं आवरण आणि शेवटी पुढच्या खोलीचे पडदे. मी एकदा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होतो, तेव्हा आई खोलीत येऊन इकडंतिकडं बघत म्हणाली, "आत्ता तर इथं होता, कुठं गेला हा?"

शिलाईचं काम आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या टेलरकडं गेलं. मला बॅगी हवी होती. अप्पांना सरळ हवी होती. टेलरनं अप्पांसमोर मान डोलावली, ते वळल्यावर माझ्याकडं बघूनही मान डोलावली आणि शिवताना दोघांचा मान राखला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत बॅगी झाली आणि तिथून खाली सरळ.

माझं कॉलेज हुबळीच्या विद्यानगरात होतं. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "भिंतीला हात लावू नका, रंग ओला आहे." पोरं हसली. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल आपण विनोद केला. पण दुपारपर्यंत घाम आला आणि रंग खरंच ओला निघाला. माझी मान, काखा आणि मनगटं निळी झाली. खडूनं लिहिताना सरांची बोटं पांढरी व्हायची, आणि मी नुसता ऐकत बसलो तरी माझी वही निळी व्हायची.

घरीही तेच चाललं होतं. पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी शाईसारखं झालं आणि त्यात चुकून पडलेल्या अप्पांच्या सगळ्या बनियन फिकट निळ्या निघाल्या. मला वाटलं, आता तरी हा ताका घराबाहेर जाईल. अप्पांनी बनियन उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "चला, नीळ घालायचा खर्च वाचला."

माझी मान बघून आई हळहळली, तर ते तिला म्हणाले, "शंकराचा गळा निळाच होता. त्यानं कधी तक्रार केली?"

धारवाडहून हुबळीला जायला मी रोज सकाळी मोठ्या रस्त्यावर येऊन सिटी बसची वाट बघायचो. एका सकाळी माझ्यासमोर एक वेगळीच बस येऊन थांबली. पांढरी, काचेवर एका कारखान्याची पाटी असलेली. मी थोडा बाजूला झालो. ड्रायव्हर माझ्यावरच खेकसला, "हत्तु, हत्तु! होत्तात्तु!" चढ लवकर, उशीर होतोय. धारवाडात एवढ्या हक्कानं कुणी ओरडलं की माणूस आधी ऐकतो आणि मग विचार करतो. मी चढलो.

आत सगळी बस माझ्या शर्टानं भरली होती.

तोच रंग, तेच कापड. कुणाची मान निळी, कुणाची मनगटं निळी. मामाची स्पेशल ऑर्डर हुबळीबाहेरच्या तारिहाळच्या पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गणवेशाची होती आणि उरलेला ताका आमच्या वाट्याला आला होता, हे मला त्या बसच्या पायरीवर उभ्या उभ्या कळलं. मला घरातल्या पडद्यांची आठवण झाली आणि उगाच लाज वाटली.

खिडकीपाशी बसलेल्या एका पन्नाशीच्या माणसानं सरकून जागा दिली. तो लेथवर काम करायचा. बसमध्ये सगळे त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो.

"होसबा एन?" अण्णांनी विचारलं. नवा आहेस काय?

"होय."

"कुठल्या सेक्शनला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ट्रेनी."

हा शब्द मला त्या क्षणी कसा सुचला, कोण जाणे. पण आपल्या देशात ट्रेनी म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. त्याला काम येत नसतं आणि तो कुणाचा कुणी नसतो, हे सगळ्यांना मान्य असतं. विद्यानगर आलं तेव्हा मी उठलो. अण्णांनी भुवया उंचावल्या.

"इथं उतरून काय?"

"कॉलेजात थिअरी असते," मी म्हणालो. तेही खरंच होतं. मामाचं रक्त माझ्यातही होतं.

"थिअरी," अण्णा शेजाऱ्याला म्हणाले आणि दोघांनी माझ्याकडं फार कणवेनं बघितलं.

त्या दिवसापासून मी कारखान्याच्या बसचा झालो. जो शर्ट वर्गात मला तोंड लपवायला लावत होता, तोच बसमध्ये माझं तिकीट झाला होता. कॉलेजातली पोरं स्टोनवॉश जीन्स घालून सिटी बसच्या दाराला लोंबकळत यायची आणि मी खिडकीशी बसून अण्णांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खात जायचो. दोन्ही बसगाड्या उणकलच्या तळ्यापाशी कधी कधी शेजारी शेजारी यायच्या. मला बघितल्यावर माझ्या वर्गातले चेहरे गोंधळून जायचे.

बसमध्ये बोलणं एकाच विषयावर यायचं. पगार आणि ओव्हरटाइम हे किरकोळ विषय होते. मुख्य विषय कापड. एकाच्या तान्ह्या पोरीनं त्याच्या खांद्यावर झोप काढली तर तिचा गाल निळा झाला. दुसरा सासुरवाडीला अंघोळ करून आला तर सासूनं मोरीत फिनेल ओतलं. आणि मग सगळी बस मिळून तो गणवेश पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा उद्धार करायची. कन्नडमध्ये शिव्या फार सविस्तर देता येतात. व्यापाऱ्यापासून सुरू होऊन त्या त्याच्या आईबापावरून आज्यापणज्यापर्यंत जायच्या. ते आजे-पणजे माझेही होते. मी भाकरीला चटणी लावत आदरानं मान खाली घालून ऐकायचो.

"तू काहीच बोलत नाहीस रे," अण्णा एकदा म्हणाले. "तुला राग येत नाही?"

"येतो ना."

"मग दे की एखादी शिवी."

सगळी बस बघत होती. मी एक मध्यम प्रतीची शिवी दिली. आपल्या सख्ख्या मामाला, त्याच्याच कापडात बसून. अण्णांनी पाठ थोपटली.

उन्हाळा लागला तसा घाम वाढला आणि घामाबरोबर असंतोष. एका सकाळी बस विद्यानगरला थांबलीच नाही. मी उठून उभा राहिलो तर ड्रायव्हर म्हणाला, "आज सगळे गेटवर. आज थिअरी नाही." बस गोकुळ रोडनं सुसाट तारिहाळला गेली.

कारखान्याच्या गेटबाहेर तोच एक रंग पसरला होता. उन्हात मोरचुदाचा ढीग ओतल्यासारखा. युनियनचा पुढारी एका लोखंडी पिंपावर चढून घोषणा देत होता. "बण्ण बिडो बट्टी!" तो ओरडायचा. रंग सोडणारं कापड! "ब्याडा! ब्याडा!" असा गर्जून जबाब यायचा. नको, नको! मीही ओरडत होतो. कॉलेजात निवडणुकीच्या वेळी मी अनेकदा घोषणा दिल्या होत्या, पण आपण काय म्हणतोय ते मनापासून पटण्याचा प्रसंग माझ्यावर हा पहिलाच आला होता.

मॅनेजर बाहेर आले. पांढरा स्वच्छ शर्ट. "नवं कापड थोडा रंग सोडणारच," ते म्हणाले. "दोन धुण्यांत बसतं. तुम्ही लोक फार वाढवून सांगता."

पुढारी पिंपावरून उतरला, गर्दीवर नजर फिरवली आणि त्याला मी दिसलो. वयानं सगळ्यांत लहान, अंगानं सगळ्यांत बारीक, गोरा, म्हणून निळाही सगळ्यांत जास्त. त्यानं माझा दंड धरून मला पुढं ओढलं.

"शर्ट काढ," तो म्हणाला.

मी काढला. गर्दीतून एक सुस्कारा उठला. मॅनेजर एक पाऊल मागं सरकले.

"हे बघा साहेब, पोराची अवस्था! बोल तू. भिऊ नकोस."

मला भीती वाटत होती, पण ती वेगळी. कुणी माझा हजेरीचा टोकन नंबर विचारला तर काय सांगायचं, ही. पण एकदा तोंड उघडल्यावर मला सगळंच आठवलं. मी म्हणालो, "साहेब, वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी कुठं टेकलो की तिथं डाग पडतो. माझ्या वडिलांच्या बनियन निळ्या झाल्यात. आमची बाजारची पिशवी रंग सोडते, कोथिंबीर निळी होऊन घरी येते. आमच्या खोलीचे पडदे..."

"पडदे?" मॅनेजर म्हणाले.

मी हातातला शर्ट छातीशी धरला. पण पुढारी कसलेला होता. "होय, पडदे!" तो गरजला. "गरिबाला चिंध्याही टाकवत नाहीत साहेब! उरल्यासुरल्या तुकड्यांचे पडदे करतो तो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी डोळे पुसले. माझं आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण ते, आणि त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि एक स्कूटर आत आली. मॅनेजरांनी व्यापाऱ्याला बोलावून घेतलं होतं. मामा स्कूटरवरून उतरला, डिकीतून नमुन्यांचं गाठोडं काढलं, सवयीनं हसत सगळ्यांना नमस्कार केला आणि वळला, तर समोर मी. कमरेच्या वर उघडा, निळा, हातात त्याचा शर्ट.

मामाचं हसू जागच्या जागी राहिलं. फक्त डोळे मोठे झाले. पण बाजारात वाढलेला माणूस. त्यानं गाठोडं खाली ठेवलं, माझ्याजवळ आला आणि मला कधी न बघितल्यासारखं कन्नडमध्ये विचारलं, "बाळा, घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"आई आहे. वडील आहेत," मी म्हणालो. मग म्हटलं, "एक मामापण आहे."

मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग तो हात उलटा करून बघितला आणि तोच निळा तळवा गर्दीला दाखवला.

"कापड माझं आहे," तो म्हणाला. एवढ्या शिव्यांचा धनी असा समोर उभा राहून कबूल करील, असं कुणाला वाटलं नव्हतं. "साहेबांनी जेवढ्यात बसवायला सांगितलं तेवढ्यात हेच बसत होतं. पण आज या पोराकडं बघून माझ्यानं राहवत नाही. सगळ्यांना नवं कापड देतो, पक्क्या रंगाचं. माझा नफा मी सोडला. साहेबांनी फक्त वरचा फरक द्यावा."

पुढाऱ्यानं त्याला मिठी मारली. मॅनेजरांनी फरक द्यायचं कबूल केलं, कारण माझ्याकडं बघवत नव्हतं आणि बाहेर रस्त्यावर लोक थांबायला लागले होते. नफा सगळा त्या फरकातच होता, हे त्या गेटवर दोनच माणसांना कळलं. त्यातला एक उघडा होता.

"या पोराला मी डॉक्टरकडं नेतो," मामा जाता जाता म्हणाला आणि मला स्कूटरवर मागं बसवलं. लोकांनी जयजयकार केला. मामाचा.

गोकुळ रोडला लागेपर्यंत मामानं स्कूटर जोरात हाणली. मग मान न वळवता मराठीत म्हणाला, "शर्ट घाल आधी."

मी घातला.

"कारखान्यात कधीपासून आहेस?"

"नाही मामा. बस थांबते म्हणून चढतो."

स्कूटर थोडी डगमगली. त्यानं ती कडेला घेतली, उतरला, आणि झाडाला एक हात टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसायला लागलो. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "शिव्या फार देतात का रे?"

"फार."

"अक्काला सांगू नकोस."

"शिव्यांचं की बसचं?"

"काहीच नको सांगूस." त्यानं थोडा विचार केला. "जीन्स पाहिजे ना तुला?"

पुढच्या रविवारी तो जीन्स घेऊन आला. अप्पांनी ती उलटसुलट बघितली. जागोजागी उडालेला रंग, गुडघ्यावर पांढरट पट्टे. "ही तर जुनी दिसते," ते म्हणाले. मामानं सांगितलं की मुद्दाम तशी करतात आणि त्यासाठी जास्त पैसे घेतात. अप्पांनी गुडघ्यावरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवून बघितलं. त्यांच्या गणितात हे कुठं बसत नव्हतं. शेवटी म्हणाले, "मळखाऊ आहे खरी," आणि परवानगी मिळाली.

कारखान्याचा गणवेश कॉफीच्या रंगाचा झाला. त्याचाही ताका उरलाच असणार, पण तो आमच्याकडं आला नाही. मामीच्या माहेरी गेला असं ऐकलं. मी जीन्स घालून सिटी बसला लोंबकळू लागलो. वर्गात माझ्याकडं आता कुणी बघेना, आणि त्यासाठीच मी इतके दिवस तळमळत होतो, म्हणून मी तक्रार केली नाही.

पुढं कॉलेज संपलं, नोकरी लागली, नवं शतक उजाडलं. एका दिवाळीआधी मी मामाच्या दुकानात गादीवर बसलो होतो, तेव्हा अण्णा आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या गेटवरच्या सभेपासून तारिहाळचे बरेच कामगार मामाकडंच कापड घ्यायला लागले होते. दिलदार व्यापारी म्हणून. मामानं त्यांना ओळखलं नाही आणि माझी ओळख करून दिली, "हा माझा भाचा."

अण्णांनी चष्मा लावला. माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं.

"ट्रेनी," ते म्हणाले.

मी उठून त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, "अण्णा, मी तेव्हा तुम्हाला..."

"ए, बिडो," ते म्हणाले. सोड रे. "दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं सगळ्यांना. वहीवर कॉलेजचा शिक्का होता तुझ्या. आणि ट्रेनीच्या नखात थोडंसुद्धा तेल नाही?"

"मग उतरवलं का नाहीत?"

अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आम्ही विचार केला, आपल्याला निदान पगार मिळतो तो शर्ट घालायचा. हा पोरगा फुकट घालून फिरतोय. घरचं काय असेल कोण जाणे. बसू दे म्हटलं."

मामा एकदम चहा सांगायला उठला. चहा आला, अण्णांनी सावकाश प्याला. मामानं लग्नाच्या साड्यांची घडीवर घडी त्यांच्यासमोर उलगडली. अण्णांनी एकेक साडी हातात घेतली, सगळ्यांचं कौतुक केलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जाऊन समोरच्या दुकानातून खरेदी केली.

"बरा माणूस आहे," मामा पायरीवर उभा राहून त्या दुकानाकडं बघत म्हणाला आणि साड्यांच्या घड्या घालायला लागला. मीही दुसऱ्या टोकाला धरलं.